न सांगण्यासारख्या जागेची गाठ



कोजागरीच्या रात्री आपल्या मंडळाच्या गच्चीवर दूध आटत होतं, मुलं गरब्याचे उरलेसुरले फेरे घेत होती आणि एक काकू मला हाताला धरून जिन्यापाशी घेऊन गेल्या. "ताई, तुम्ही लॅबमधल्या, म्हणून विचारते हो. कुणाला बोलू नका." नातू 5 महिन्यांचा. रोज तेल लावून आंघोळ काकूच घालतात. उजव्या बाजूला गोळी लागते, डाव्या बाजूला काहीच लागत नाही. सुनेला सांगितलं नाही, कारण तिला वाईट वाटेल. मुलाला सांगितलं नाही, कारण अशा गोष्टी मुलाशी बोलायच्या कशा? शेजारच्या बेनना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मोटो थशे एटले आपोआप उतरी जशे."

मी डॉक्टर नाही. बारडोलीहून सुरतेला 28 वर्षं अप-डाउन करून पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये काम केलं. पण काकूंना मी त्याच रात्री सांगितलं की 6 महिन्यांपर्यंत वाट बघा, त्यानंतर बघू नका. घरी आल्यावर वाटलं, हे जिन्यातलं बोलणं या महिन्याच्या सदरात यायला हवं. विषय लाजेचा आहे, त्यामुळे वाचताना आजूबाजूला कोण आहे ते आधी बघून घ्या, हवं तर. पण वाचा.

बाळ पोटात असताना त्याचे अंडकोष खालच्या पिशवीत नसतात. ते वर, मूत्रपिंडाच्या शेजारी तयार होतात आणि हळूहळू खाली उतरतात. पूर्ण दिवसांच्या 100 मुलांमागे साधारण 3 जणांमध्ये हा प्रवास जन्मापर्यंत पुरा झालेला नसतो. त्यातल्या बऱ्याच जणांचा पहिल्या काही महिन्यांत आपोआप पुरा होतो, म्हणजे शेजारच्या बेन अगदीच चुकल्या नव्हत्या. पण 6 महिने उलटल्यावर तो उतरण्याची आशा फार थोडी. म्हणून मुलांचे सर्जन 6 ते 18 महिन्यांच्या दरम्यान छोटं ऑपरेशन करून तो खाली आणून बसवतात. काही मुलांमध्ये गोळी थंडीने किंवा हात लावल्यावर वर सरकते आणि कोमट पाण्याच्या आंघोळीत परत खाली येते. त्याला सहसा ऑपरेशन लागत नाही, फक्त लक्ष ठेवायचं. हा फरक आजीच्या हाताला कळू शकतो, पण शिक्कामोर्तब डॉक्टरांच्या हातानेच व्हायला हवं.

एवढी घाई कशाला? कारण शरीराच्या आत, जास्त उष्णतेत राहिलेल्या अंडकोषात पुढे मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम होतो आणि तरुणपणी गाठ होण्याचा धोकाही वाढतो. स्वीडनमध्ये अशी ऑपरेशन झालेल्या जवळपास 17,000 पुरुषांचा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. 13 वर्षांच्या आत ऑपरेशन झालेल्यांना कॅन्सरचा धोका इतरांच्या साधारण सव्वादोन पट होता, तर 13 नंतर ऑपरेशन झालेल्यांना तो पाच पटींहून जास्त. घाबरू नका, मुळात हा आजारच विरळ आहे. आपल्या देशात वर्षाला 1 लाख पुरुषांमागे एकालासुद्धा होत नाही. डेन्मार्क-नॉर्वेसारख्या देशांत तो त्याच्या दहा पटींच्या आसपास आढळतो. विरळाची पाच पट म्हणजेही थोडेच. पण ज्या घरात होतो, त्या घराला लाखाचा हिशोब ऐकवून काय उपयोग?

आता मोठ्या मुलांकडे वळते. तुम्हीच हे जास्त करून वाचता म्हणून थेट बोलते. बहुतेक कॅन्सर वय झाल्यावर येतात. अंडकोषाचा मात्र 15 ते 40 या वयात जास्त दिसतो. म्हणजे कॉलेज, पहिली नोकरी, लग्न ठरणं, पहिलं मूल, नेमके हे दिवस. सुरुवात अगदी साधी असते. एका बाजूला न दुखणारी कडक गाठ, किंवा नुसतंच जड वाटणं. दुखत नाही हेच फसवणारं आहे. दुखलं असतं तर मुलगा त्याच दिवशी दवाखान्यात गेला असता.

माझ्या नोकरीच्या काळातला एक मुलगा आठवतो. 22-23 वर्षांचा, कापडाच्या मिलमध्ये कामाला. क्रिकेट खेळताना चेंडू लागला, म्हणून सूज आली असेल, असं त्याने धरून चालवलं. असं फार वेळा होतं. चेंडूने गाठ होत नाही, चेंडूमुळे तिथे हात जातो आणि आधीपासून असलेली गाठ हाताला लागते, इतकंच. एका ठिकाणी पाणी भरलंय म्हणून त्याला सुई घालून पाणी काढायचा प्रयत्न झाला. पाणी नव्हतंच. आमच्याकडे नमुना आला तोवर 7 महिने गेले होते आणि तो कंबर दुखते म्हणून वाकून चालत होता.

कंबर का दुखावी? इथे तो मूत्रपिंडाशेजारचा प्रवास परत आठवा. अंडकोष खाली उतरताना आपल्या रक्तवाहिन्या आणि लसवाहिन्या वरूनच ओढत आणतो. त्यामुळे गाठ पसरली तर ती मांडीच्या सांध्यातल्या गाठींत नाही, तर पोटात मागे, पाठीच्या कण्यालगतच्या गाठींत जाते. पिशवीच्या कातडीचा निचरा मात्र मांडीच्या सांध्याकडे होतो. म्हणून अशी शंका असेल तर पिशवीला सुई लावायची नाही, चीर द्यायची नाही, तुकडाही काढायचा नाही. नाहीतर रोगाला आपणच नवी वाट करून देतो. आधी सोनोग्राफी, मग रक्तात एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच या तीन तपासण्या, आणि ऑपरेशन करायचं ठरलं तर चीर जांघेतून. इतर गाठींमध्ये "आधी तुकडा तपासा" हे योग्य असतं. इथे बहुतेक वेळा तो संपूर्ण अंडकोषच काढून तपासतात.

आणि एक उरतो. एकावर पुरुषाचं सगळं नीट चालतं. दाढीमिशा, संसार आणि बहुतेकांना मुलंबाळंही. पुढे कीमो लागणार असेल तर त्याआधी वीर्य गोठवून ठेवायची सोय करून घ्यावी. डॉक्टर विसरले तर तुम्ही विचारा. लग्न न झालेल्या मुलाने आईबाबांसमोर हे विचारायचं म्हणजे काय, ते मला कळतं. चिठ्ठीवर लिहून द्या. मी लॅबमध्ये अशा चिठ्ठ्या पाहिल्या आहेत.

आता क्रिकेटच निघालंय तर 2011 चा वर्ल्ड कप आठवा. वानखेडेवर धोनीचा षटकार बहुतेकांना आठवतो, पण स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू होता युवराज सिंग. 362 धावा आणि 15 बळी. त्याच स्पर्धेत तो खोकत होता, उलट्या करत होता. पुढे 2012 च्या सुरुवातीला जगाला कळलं की त्याच्या छातीत, दोन फुप्फुसांच्या मध्ये गाठ आहे. तिचं नाव सेमिनोमा. ही मुळात अंडकोषात होणारी गाठ. मग छातीत कशी? गर्भात अगदी पहिल्या आठवड्यांत पुढे बीज बनवणाऱ्या पेशी दुसरीकडे जन्मतात आणि शरीराच्या मध्यरेषेने चालत आपल्या जागी पोचतात. त्यातल्या एखाददुसऱ्या वाटेत राहिल्या तर वर्षानुवर्षं गप्प बसून कधीतरी वाढू शकतात, असं मानतात. अंडकोषात, बीजकोशात किंवा छातीत, गाठी एकाच कुळातल्या, आणि औषधही एकच.

त्या औषधाची गोष्ट सुरतेजवळ राहणाऱ्यांना आवडावी, कारण ते प्लॅटिनमचं आहे. 1965 साली अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग नावाचे शास्त्रज्ञ जंतूंवर विजेचा काय परिणाम होतो ते बघत होते. जंतू वाढेनात, नुसतेच लांबोडके व्हायला लागले. वीज निर्दोष होती. तारा प्लॅटिनमच्या होत्या आणि त्यातून पाण्यात उतरलेलं संयुग पेशींचं विभाजन थांबवत होतं. हेच सिस्प्लॅटिन. 1974 मध्ये इंडियानापोलिसचे डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते इतर दोन औषधांबरोबर अंडकोषाचा कॅन्सर सगळीकडे पसरलेल्या एका तरुणाला दिलं. तोवर असे रुग्ण क्वचितच वाचत. हा वाचला. पुढे अशा पसरलेल्या रुग्णांमधलेही बहुसंख्य बरे व्हायला लागले. युवराजही उपचारांसाठी या आइनहॉर्न यांच्याकडेच गेला होता, आणि सप्टेंबर 2012 मध्ये चेन्नईला न्यूझीलंडविरुद्ध भारताकडून परत खेळला. आज या आजारातले शंभरातले पंचाण्णव रुग्ण बरे होतात, असं धरून चाला, वेळेत आले तर. औषध महागडं राहिलेलं नाही. आपल्याकडे उशीर होतो तो दवाखान्याचं दार गाठण्यात.

तो मिलमधला मुलगा? त्यालाही हीच औषधं मिळाली. तीन वर्षांनी पेढे घेऊन आला होता. कशाचे पेढे, ते मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

मुलींचं वेगळं आहे, कारण बीजकोश आत असतात. हाताला काही लागत नाही. 15-20 वर्षांच्या मुलीचं पोट भराभर वाढणं, ओटीपोटात दुखणं, लघवीला सारखं जावं लागणं, एवढंच दिसतं. कधी गाठीला पीळ पडून अचानक कळवळून दुखतं, तेव्हा त्याच रात्री ऑपरेशन लागतं. बहुतेक गाठी साध्या असतात. पाण्याच्या पुटकुळ्या असतात किंवा डरमॉइड असतं. डरमॉइडमध्ये केस आणि दातही सापडतात. यावरून आपल्या खान्देशातल्या गावांकडे करणी-बाधेच्या काय काय कथा ऐकल्यात मी! करणी नाही हो, त्याच बीजपेशी, ज्यांच्यात शरीराचा कुठलाही भाग बनवायची हिंमत असते.

पण एक प्रसंग मला सांगायचाच आहे. 17 वर्षांची मुलगी, बारावीचं वर्ष. दोन महिने पाळी आली नव्हती, पोट थोडं पुढे आलेलं. आईने मेडिकलमधून पट्टी आणून घरीच तपासली. दोन रेघा. पुढचे चार दिवस त्या घरात काय झालं ते मी लिहीत नाही. मुलगी एकच सांगत होती, "मी काही केलं नाही." कुणी ऐकलं नाही. पाचव्या दिवशी पोटात खूप दुखायला लागलं म्हणून सोनोग्राफी झाली. गर्भाशय रिकामं होतं. डाव्या बीजकोशातून नारळाएवढी घट्ट गाठ वर आलेली. रक्तात एलडीएच वाढलेलं, बीटा एचसीजी वाढलेलं. नाव निघालं डिसजर्मिनोमा, म्हणजे सेमिनोमाचीच बहीण.

पट्टी खोटं बोलली नव्हती. ती फक्त लघवीतलं एचसीजी ओळखते. ते गर्भाच्या वारेतून येतं, तसंच यातल्या काही गाठींतूनही येतं. 2012 मध्ये अमेरिकेत एका पुरुषाने गंमत म्हणून उरलेल्या पट्टीवर तपासणी केली आणि दोन रेघा आल्या. त्याने ती गंमत इतरांना सांगितली तेव्हा कुणीतरी त्याला अंडकोष तपासून घ्यायला लावले, आणि छोटीशी गाठ सापडली. (म्हणून मुलांनो, पट्ट्या आणायला धावू नका. बऱ्याच गाठी एचसीजी सोडतच नाहीत, मग खोटा दिलासा मिळेल.) आयांना मात्र हात जोडून सांगते, रेघा दोन आल्या तरी आधी सोनोग्राफी, मग प्रश्न. आणि प्रश्नही हळू आवाजात.

तिचा डावा बीजकोश काढला. उजवा आणि गर्भाशय ठेवलं. कीमोच्या तीन फेऱ्या झाल्या. बारावी एक वर्ष उशिरा दिली. तरुण मुलींमध्ये या जातीच्या गाठीत असंच करतात, दुसरी बाजू आणि गर्भाशय राखायचं, म्हणजे पाळी चालू राहते आणि बहुतेकींना पुढे मूलही होतं. आज तिला दोन मुलं आहेत. आईने तिची माफी मागितली की नाही ते मला माहीत नाही. रिपोर्ट न्यायला आल्या तेव्हा आमच्या खिडकीपाशी बराच वेळ नुसत्या उभ्या होत्या.

याहून विरळ अशी एक जात आहे. बीज बनवणाऱ्या पेशींची नाही, तर त्यांच्याभोवतीच्या, हार्मोन बनवणाऱ्या पेशींची गाठ. सेक्स कॉर्ड स्ट्रोमल असं लांबलचक नाव. ही गाठ स्वतः हार्मोन सोडते, त्यामुळे ती पोटात असते आणि बोलते भलतीकडेच. 5-6 वर्षांच्या मुलीची छाती वाढू लागते किंवा पाळी सुरू होते. पाळी जाऊन दहा वर्षं झालेल्या आजीला परत रक्त दिसतं. 22 वर्षांच्या मुलीची पाळी थांबते, काही महिन्यांत ओठांवर, हनुवटीवर केस येतात आणि आवाज जाड होतो. छोट्या मुलाचा आवाज अवेळी फुटतो, किंवा पुरुषाच्या छातीला सूज येते.

तुमच्यापैकी कितीतरी मुलींना पीसीओडी आहे आणि तोंडावरचे केस ही घरोघरची तक्रार आहे, त्यामुळे हे वाचून रात्रीची झोप घालवू नका. पीसीओडीत केस वर्षानुवर्षं हळूहळू वाढतात, वयात आल्यापासूनच थोडीफार कुरकुर असते. गाठीत सगळं काही महिन्यांत होतं आणि आवाज बदलतो. आवाज बदलला तर पार्लरमध्ये नाही, डॉक्टरकडे जायचं. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन आणि सोनोग्राफी, एवढ्यावर बरंच कळतं.

यातली मोठ्या बायकांमध्ये जास्त दिसणारी म्हणजे ग्रॅन्युलोसा सेल गाठ. तिचं वर्णन 1855 साली झालं होतं, पण तिची खूण सापडली 2009 मध्ये. कॅनडातल्या संशोधकांनी दाखवलं की जवळजवळ प्रत्येक प्रौढ ग्रॅन्युलोसा गाठीत फॉक्सएल-टू या जनुकातलं एकच अक्षर, तेच अक्षर, बदललेलं असतं. आम्हा लॅबवाल्यांना हे वाचून केवढा आनंद झाला होता! कारण ही गाठ सूक्ष्मदर्शकाखाली दुसऱ्यांसारखी दिसून फसवते. ती हळू वाढते, ऑपरेशनने बहुतेक वेळा बरी होते, पण दहा-पंधरा वर्षांनीही परत येऊ शकते. म्हणून "पाच वर्षं झाली, सुटलो" म्हणून फाइल माळ्यावर टाकू नका. इन्हिबिनची रक्ततपासणी आणि सोनोग्राफी डॉक्टर सांगतील तितकी वर्षं करत राहा.

फाइलवरून माझ्या धंद्याची गोष्ट. विरळ गाठीचं नाव चुकलं तर उपचारच चुकतो. मुंबईत परळला टाटा हॉस्पिटल 1941 मध्ये सुरू झालं तेव्हा तिथल्या प्रयोगशाळेची जबाबदारी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणतात त्यांना, 1955 मध्ये पद्मभूषण मिळालं, पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. सर्जनचं नाव घरोघर होतं, काचपट्टीवर मान वाकवून बसणाऱ्याचं होत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं. तर रिपोर्टमध्ये अशी विरळ जात लिहून आली की ऑपरेशन झालेल्या ठिकाणाहून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या आणि मोठ्या केंद्रात परत तपासून घ्या. त्यात त्या डॉक्टरांचा अपमान होत नाही. आमच्याकडूनही लोक न्यायचे. नुसत्या रिपोर्टच्या झेरॉक्सवर दुसरं मत मिळत नाही, काचपट्टी लागते.

आपल्याला सुरत जवळ आहे, तिथे कॅन्सरचे उपचार होतात. सरकारी मोठं केंद्र अहमदाबादला आहे. टाटाला जायचं असेल तर सुरतहून पहाटेची फ्लाइंग रानी धरून मुंबई गाठणारे आपल्यातले कितीतरी आहेत. राहायचा प्रश्न आला तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा टाटाच्या रुग्णांसाठीच चालते, आधी चौकशी करून जा. आयुष्मान कार्ड गुजरातमध्ये 2023 पासून कुटुंबाला 10 लाखांपर्यंत चालतं. कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच आहे ना, ते आजच बघा. "पाटील" आणि "पाटिल" यावरून खिडकीवर तास गेलेले मी पाहिलेत.

बाकी तरुण मुलांनो, महिन्यातून एकदा गरम पाण्याच्या आंघोळीत अंगठ्याने आणि दोन बोटांनी हलकेच चाचपा. मागच्या बाजूला दोरीसारखं मऊ लागतं ते सगळ्यांनाच असतं, त्याने दचकू नका. एक बाजू जरा खाली किंवा मोठी असणंही नेहमीचंच. आधी नव्हतं असं काही कडक लागलं तर त्याच आठवड्यात सोनोग्राफी. रोज तपासत बसायची गरज नाही, त्याचंही वेड लागतं काहींना.

काकूंचा परवा फोन आला. नातवाला सहा महिने झाले, गोळी उतरलेली नाही. शेवटी त्यांनी सुनेला सांगितलं. सून म्हणाली, "आई, मला केव्हाच माहीत होतं. मी तुम्हाला सांगत नव्हते, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून." दोघींनी मिळून मुलाला सांगितलं. सुरतेच्या मुलांच्या सर्जनने तपासून बाळ नऊ-दहा महिन्यांचं झालं की ऑपरेशन करू म्हटलंय. सकाळी नेलं की बहुतेक संध्याकाळी घरी. काकूंची आता एकच अडचण आहे, व्याह्यांना सांगायचं की नाही. मी म्हटलं, सुनेलाच विचारा.